टोरांटो सोळा तासांवर

शेखर माझ्या काउंटरवर आला तो चुकून. त्याला व्हिसाचा फोटो काढायचा होता. स्टुडिओ शेजारी, आणि तो शिरला आमच्या तिकिटांच्या ऑफिसात! चूक कळल्यावरही गेला नाही. अकोल्याच्या फुलशेतीवाल्यांच्या घरचा मुलगा, विद्यापीठातून कागद न्यायला अमरावतीला आलेला. टोरांटोला नोकरी लागली होती.

"मुंबईहून किती दूर हाय?"

साडेबारा हजार किलोमीटर, मी सांगितलं. थेट विमान मिळालं तर सोळा तास.

"अन् अकोल्याहून तुमचं हे काउंटर?"

"यष्टीनं दोन-अडीच तास..." म्हणत मी हसू लपवायला कीबोर्डकडे पाहिलं.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा आला. मग त्याच्या पुढच्या. कधी तारीख बदलायची, कधी सामानाचं वजन विचारायचं — कारणं संपली तेव्हा घरच्या शेवंतीचा पुडा घेऊन आला आणि काहीच न विचारता बसून राहिला. त्याचं तिकीट मीच काढलं. निघताना त्यानं माझी बोटं धरली. वर्षभर थांब म्हणाला, तुले घ्याले येतो.

थांबले. माझी सकाळ म्हणजे त्याची रात्र, तरी रोज बोलायचो. मग एक दिवसाआड. मग त्याला वेळ मिळेल तेव्हा... यंदा येणं जमत नाही, इतक्या लांबून सुट्टी पुरत नाही, असं तो म्हणाला. मला पटलं. अंतर मीच तर सांगितलं होतं.

डिसेंबरात अकोल्याहून एक गृहस्थ आले, केशवराव नावाचे. घरात आमच्या ऑफिसचं जुनं पाकीट सापडलं म्हणून आले. मुलाचं रविवारी लग्न, सूनही टोरांटोलाच नोकरीला. परतीचं तिकीट दोघांचं एकत्र हवं होतं. त्यांनी पासपोर्टच्या झेरॉक्स पुढे सरकवल्या. वरच्या कागदावर शेखर होता.

मी बाहेर जाऊन फोन लावला.

"कुठं हायेस?"

तो म्हणाला, "तुले कोणं सांगितलं?"

"तुये बाबा माह्यासमोर बसून हायेत. कधी आला?"

"आठ दिवस झाले... दामिनी, सांगणारच होतो मी. कसं सांगू, समजून नव्हतं राहिलं."

"सोळा तास आला. पुढचे दोन तास काहून नाही आला?"

पलीकडून कुणीतरी त्याला कपड्यांचं माप द्यायला बोलावलं. फोन कट झाला.

आत येऊन मी केशवरावांसाठी चहा मागवला. दोघांना वेगवेगळ्या रांगांत बसवणं माझ्या हातात होतं. बोट थांबलंही... मग शेजारशेजारच्या सीट घेतल्या आणि तिकिटं छापून दिली.

त्यांनी पिशवीतून लग्नपत्रिका काढली, पेन मागितलं, माझं नाव विचारलं. सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं — कु. दामिनी, सहपरिवार.

"ये बरं, पोरी. शेखरले आनंद होईन."

हो काका, मी म्हटलं, आणि मागे उभ्या असलेल्या बाईंना पुढे बोलावलं.