रिव्हर्सचा दिवा

"हिला कॅराव्हॅनमागे उभी करू नका हो. थोरलीसारखाच हिचाही आवाज निघत नाही."

सासूबाई हे स्वयंपाकघरात हळू बोलल्या. खिडकीबाहेर मी कपडे वाळत घालत होते. गप्प राहणाऱ्या बाईला ऐकायला भरपूर सवड असते.

"मग गोष्टच सांगतो तिला," सासरे म्हणाले. "आपोआप ओरडायला शिकेल."

थोरली म्हणजे माझी जाऊ. अपघातात गेली, एवढंच लग्नाआधी माझ्या कानावर आलं होतं.

आमच्याकडे कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायची चाकांवरची घरं, भाड्याने देतात. परवा, शनिवारी रात्री, पहाटे निघायची कॅराव्हॅन गाडीला जोडून झाली, पण दिवे भलतेच वागू लागले. डावा इंडिकेटर द्यावा, तर ब्रेकचा दिवा लुकलुके. "अर्थिंगचा घोळ," सासरे म्हणाले. गाडीतून कॅराव्हॅनच्या दिव्यांना वीज नेणाऱ्या मधल्या वायरचा प्लग उपसून त्यांनी माझ्या हातात दिला, पिना पॉलिश पेपरने घासायला. स्वतः अंगणात खुर्ची टाकून बसले. नवरा गाडीत बसलेला, धाकटे दीर आणि नणंद पायरीवर. थोरले दीर दाराशी.

"माझ्या ओळखीचा एक होता," सासऱ्यांनी सुरुवात केली. "त्याचाही हाच धंदा. दिवे तपासायची रीतही हीच. एकाने गाडीत बसून बटणं दाबायची, दुसऱ्याने मागून सांगायचं, डावा पेटला, उजवा पेटला. मागे त्याची बायको उभी असायची. आवाज मुंगीचा."

नणंद माझ्याकडे बघून हसली.

"रिव्हर्सचा दिवा बघायचा तर गिअर टाकावाच लागतो. त्याने टाकला. ब्रेकवरचा पाय निसटला. मागे भिंत."

थोरले दीर उठून आत गेले. कुणी त्यांना थांबवलं नाही.

"त्याला वाटलं, चाक दगडावर चढलं. त्याने विचारलं, पेटला का? मागून आलं... पेटला. खणखणीत. पुन्हा विचारलं. पेटला. मग हा निवांत उतरला. मागे गेला..."

सासऱ्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"डॉक्टर म्हणाले, पहिल्याच धक्क्याला गेली होती."

"मग बोललं कोण?" धाकट्या दिरांनी विचारलं.

"ते आता सूनबाई सांगेल. झाला का प्लग? लाव, आणि जा मागे. घसा मोकळा करून."

भिंत तीच होती. कॅराव्हॅनही तीच असावी. या घरात काही टाकून देत नाहीत. नवऱ्याचा पाय ब्रेकवर आहे ना, एवढं मी जाता जाता बघून घेतलं. गाडी आणि कॅराव्हॅनच्या मधल्या काळोखात शिरले. प्लग लावायला वाकले.

नवऱ्याला धीर कुठला. "डावा?"

"पेटला."

मागून. भिंतीपासून.

"फुटला बाई कंठ," नणंद म्हणाली. सासरे खो खो हसले.

मी हलले नाही.

"रिव्हर्स?"

"पेटला..."

भिंतीवर पांढरा उजेड पडला होता. त्यात कुणाचीच सावली नव्हती.

मी तशीच बाजूने बाहेर आले. सासऱ्यांच्या खुर्चीपुढे जाऊन उभी राहिले. हसणं एकेकाचं थांबत गेलं. मागचा दिवा जळतच होता. मी हात पुढे केला.

"प्लग अजून माझ्याकडेच आहे, बाबा," मी म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.