मागून येणारा मामा

सांगलीच्या प्रयोगशाळेत त्या दिवशी एक फोन, एक घड्याळ, डोळ्यांवर बांधायची एक दृष्टिपट्टी आणि एका फ्रिजचा दरवाजा एकाच वेळी ‘आऊट!’ ओरडले. इरा आवटीनं टाळी वाजवली. फ्रिजसाठी तिनं सहा महिने घातले होते.

“शेजारच्याचा टीव्ही आधी ओरडतो आणि आपल्याला विकेट नंतर दिसते,” ती म्हणाली. “हे संपलं. यापुढं एका गटातली सगळी यंत्रं एकच क्षण दाखवणार.”

“म्हणजे मागच्याला पुढं ढकलणार?” तिचे ज्येष्ठ सहकारी डॉ. मुजावर यांनी विचारलं.

“ते कसं जमेल? पुढच्याला थांबवायचं. गटातल्या सगळ्यांत मागच्या यंत्रापर्यंत दृश्य पोचेल, तेव्हाच ते बाकीच्यांना दिसेल. दृश्यच नाही, निरोपसुद्धा.”

“आणि मागचा किती मागे असू शकतो, इराबाई?”

“पृथ्वीवर? पापणी लवेपर्यंत पोचतं सगळं.”

“पृथ्वीवर,” मुजावर म्हणाले आणि फ्रिजमधून ताक काढलं.

या रचनेला ‘एकक्षण’ असं नाव मिळालं. वर्षभरात ती घरोघरी गेली. नियम साधे होते. गटात घ्यायला कुणाचीच परवानगी लागत नव्हती, काढायला सगळ्यांची लागे. स्वतःहून मात्र कुणीही, कधीही बाहेर पडू शके. त्यामुळे इराच्या धाकट्या बहिणीचं, चारूचं लग्न ठरलं, तेव्हा गटात आधी नातेवाईक आले, मग त्यांचे व्याही, आणि शेवटी मिरजेचा एक मंडपवाला, जो कुणाचाच कुणी नव्हता. त्याला काढायची सूचना निघाली, पण त्याची स्वतःची परवानगी मिळेना.

प्रश्न मामाचा होता. बाळूमामा नेपच्यूनजवळच्या एका यानावर पाण्याच्या गाळण्या सांभाळत असे. तिथं निरोप पोचायला चार तास लागत.

“मामाला वगळू या का?” इरानं आईला विचारलं. “नाहीतर सगळ्यांना चार तास उशिरा दिसेल.”

“वगळायचं? मुलीच्या मामाला?” आईनं भाजी निवडणं थांबवलं. “माझ्या लग्नात त्याची एसटी कासेगावला बंद पडली. गुरुजी म्हणाले, मुहूर्त टळतोय. टाकल्या अक्षता. तेव्हापासून रुसलाय तो. माणूस रुसून शेतावर जातो, माडीवर जातो. हा नेपच्यूनला गेला.”

“नोकरी लागली म्हणून गेला, आई.”

“तुला काय कळतंय! मामा गटात राहील. बाळू आणि मी एकाच क्षणी बघणार.”

लग्नाच्या दिवशी पहाटे आईचं हृदय दमलं. तिला मिरजेच्या दवाखान्यात हलवलं. “मुहूर्त हलवलात तर बघा,” एवढं तिनं चारूला फोनवर बजावलं. आई दवाखान्यात असल्याचं इरानं गटावर टाकलं. ते सगळ्यांना कळायला मामापर्यंत पोचेतो चार तास जाणार होते. गेले.

दुपारी बाराच्या सुमाराला अक्षता पडल्या. आईच्या डोळ्यांवर दृष्टिपट्टी होती. तिच्यात पाटी होती : ‘सर्वांची प्रतीक्षा.’

डॉक्टरांनी इराला बाजूला घेतलं. फार वेळ नाही, म्हणाले. इरा परत आली. “आई, लग्न लागलंय. मी तोंडी सांगते ना. चारूनं ती हिरवी...”

“गप्प बस. बाळूनं बघितलं का?”

“अजून नाही. आई, मी मामाला काढते गटातून.”

“काढ. परवानगी विचारायला लागेल ना त्याची?” आई हसली. “जायला चार तास, यायला चार. शिकलीस एवढं, आणि केलंस काय? मला घाई नाही गं.”

तासाभरानं ती गेली. इरानं पट्टी काढली नाही. तिला ते सुचलंच नाही. मुजावर धावत आले आणि दारातच उभे राहिले.

काही वेळानं इराचा फोन वाजला. मामा गटातून बाहेर पडला होता. मागं निरोप होता :

“आक्का, तुला बरं नाही म्हणे. आत्ता वाचलं. माझ्यासाठी थांबू नको. पडू देत अक्षता, या वेळी नाही रुसत. बाळू.”

म्हणजे चार तासांपूर्वीच, मुहूर्ताच्याही आधी, त्यानं गट सोडला होता. फक्त त्याचं सोडणं इथं पोचायचं होतं.

मागचा कुणी उरला नाही, तसं सगळं एकदम सुटलं. आईच्या डोळ्यांवर मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, ताशा वाजला. पट्टीनं इमानानं कळवलं : ‘पाहिले.’ लगेच कार्यालयातून चारूचा निरोप आला. “आई, बघितलंस ना! आता जेवायला बसतो.”

इरानं ‘आई गेली’ असं लिहिलं. आता हे पाठवलं की त्याच क्षणी सगळ्यांना दिसणार होतं. मामा सोडून सगळ्यांना. तो तिकडं, आक्कानं वेळेवर लग्न बघितलं म्हणून खुशीत असणार.

तिनं मामाला पुन्हा गटात घेतलं. मग निरोप पाठवला.

“आता चार तास कुणालाच कळणार नाही,” मुजावर हळूच म्हणाले. “चारूलासुद्धा. तिला फोन तरी करा.”

“मामाच्या आधी कुणी नाही,” इरा म्हणाली. “आईनं एवढं एकच मागितलं होतं. आणि मला वाटत होतं, हट्ट आहे.”

तिच्या स्वतःच्या फोनवरही तो निरोप अजून आलेला नव्हता. तिथं आईच्या नावापुढं ‘पाहिले’ एवढंच होतं. तिनं खुर्ची खाटेजवळ ओढली आणि सगळ्यांबरोबर थांबली.