गुणाजीचं मागचं दार

धर्माजी नाखवांनी खिशातून कापडाची एक पुरचुंडी काढली आणि मृणाली ठाकूरच्या टेबलावर ठेवली. आत नखाएवढं मेमरी कार्ड होतं.

“सोसायटीच्या तक्रारपेटीत कुणी तरी टाकलं,” ते म्हणाले. “त्यात आमच्या गुणाजीचा व्हिडिओ हाय. पेटी समद्यांसमोर उघडली, त्यामुळं गावभर झालंय. तेवढा बघा.”

धर्माजी रेवदंड्याच्या एका मच्छीमार सोसायटीचे चेअरमन. अलिबागच्या या दोन खोल्यांच्या कचेरीत ते पहिल्यांदाच आले होते. मृणाली खाजगी तपासाची कामं करायची. घरची मिठागरं बंद झाल्यापासून तिचे मामा काळूराम सोबतीला असत. स्कूटर मामा चालवत आणि मतंही तेच जास्त देत.

मृणालीने कार्ड लावलं. पन्नाशीचा एक माणूस होडीच्या मागच्या टोकाला सुकाणू धरून बसला होता. डोळे अर्धे मिटलेले, ओठ हलत होते, तोंड हसल्यासारखं ताणलेलं. पाठीमागे किनाऱ्याचे माड.

“गातोय बघ गडी,” मामा म्हणाले. “दर्याची हवा खातोय मजेत. काढणाऱ्याचा हात मात्र कापतो हं. माड बघ कसे वरखाली होतायत.”

माड वरखाली होत होते खरे. गुणाजी आणि होडीचा काठ मात्र चित्रात खिळल्यासारखे होते. मृणालीने आवाज वाढवला. पाण्याची चुबुकचुबुक आणि माणसाची गुणगुण, एवढंच ऐकू आलं.

“कार्डावर आणखी काय आहे?”

“कीर्तनं. सप्ताहात स्टॉलवर भरून देतात ना, तसलं कार्ड हाय ते. आमच्याकडं घरोघर असतात.”

मग धर्माजींनी हकीकत सांगितली. गुणाजी आणि त्याचा धाकटा भाऊ दोन वर्षांपूर्वी वादळात सापडले. गुणाजी पोहत परत आला, भाऊ आला नाही. तेव्हापासून गुणाजी पाण्याकडे फिरकत नाही, रात्री ओरडत उठतो. डॉक्टरांनी मनाचा आजार म्हणून लिहून दिलं. सोसायटी दर महिन्याला मदत देते, त्यावर त्याचं घर चालतं आणि औषधं येतात.

“रविवारी सभा हाय. ढोंग ठरलं तर मदत बंद, औषधं बंद. आजारी माणसाला मला लबाड ठरवायचं न्हाय, आणि लबाडाकडून फसायचंबी न्हाय. हे कुणी टाकलं नि खरं काय, तेवढं सांगा.”

ते गेल्यावर मामा म्हणाले, “मला तर दिसतंय खरं काय ते. वेडाचं सोंग आणून फुकट खाणाऱ्यांचा मला भारी राग आहे. यांच्यामुळे खऱ्या दुखणेकऱ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.”

“सोंग कुणासमोर आणतात, मामा?”

“लोकांसमोर. एकट्याने घरात बसून कोण आणतंय?”

“हे लक्षात ठेवा,” मृणाली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं रेवदंड्याच्या धक्क्यावर पोचली. चहावाल्याने विषय काढायचीही वाट पाहिली नाही.

“गुण्या लय पोचलेला निघाला,” तो हसत म्हणाला. “त्याच्या अंगणात पोरं गेली की आम्ही हाताला धरून ओढून आणायचो. डोकं फिरलेला माणूस, काय करंल सांगता येत न्हाय. आता कळलं, बेट्याला कायच झालं नव्हतं. काल मीच त्याच्या दारात जाऊन चहा पाजला त्याला.”

“तुमच्या सोसायटीला फसवलं ना त्याने?” मामांनी विचारलं.

“फसवलं की. पण डोकं बघा कसं चालवलं.”

गुणाजीचा शेजारी अंबाजी ओट्यावर आखडलेला पाय पसरून बसला होता. आतून कीर्तनाचा आवाज येत होता. खिडकीत एक छोटा स्पीकर होता आणि त्यात कार्ड खोचलेलं होतं.

“माझा पाय मोडला तवा माझा अर्ज परत आला,” अंबाजी म्हणाला. “आणि याला डोकं दुखतं म्हणून दर महिन्याला मदत.”

“म्हणून कार्ड टाकलंत?” मामा पुढे सरकले.

“टाकलं असतं तर छाती ठोकून सांगितलं असतं. घाबरतो का कुणाला? तो होडीत गेला तवा मी मासळीच्या लिलावात होतो. सगळा गावच लिलावात असतो त्या वेळेला. लांबून बघितलं मी. त्याची होडी दोन वर्सं धक्क्याला बांधलेलीच हाय, तिच्यात चढला. एकटाच. आजूबाजूला काळं कुत्रं न्हवतं. जरा वेळानं उतरला नि धक्क्यावरच बसून ओकला. रातची उतरली नसंल.”

गुणाजीचा पुतण्या प्रज्योत पर्यटकांना होडीतून फिरवायचा. त्याच्या फिरवण्याचे व्हिडिओ मुंबईपर्यंत पोचलेले होते.

“काकाची होडी मी मागितली होती, खोटं कशाला बोलू,” तो म्हणाला. “पडून सडतेय नुसती. काकी म्हणाली, विचारू नको त्यांना, नुसतं नाव काढलं तरी घाम फुटतो. मग मी सोडलं. आणि कार्डाचं म्हणाल तर माझ्या फोनला कार्डाची खाचच नाही. हा बघा. मला पाठवायचं असतं तर ग्रुपवर टाकलं असतं ना, पेटीत कशाला?”

“गोड बोलतोय,” वाटेत मामा पुटपुटले. “पण माझा संशय लंगड्यावर.”

गुणाजीचं घर समुद्राला पाठ करून होतं. नीराबाई, त्याची बायको, सुक्या बोंबलांची पाटी डोक्यावर घेऊन घरांच्या अख्ख्या रांगेला वळसा घालून येत होती. वाळवण घराच्या मागेच होतं.

“अहो, मागे दार आहे की तुमच्या घराला,” मामा म्हणाले.

“हाय. ते उघडत न्हाय.” पाटी उतरवून ती दम खात उभी राहिली.

मृणाली आत जाऊन ते दार पाहून आली. कडी गंजून कोयंड्यात बसली होती. फळ्यांमधल्या फटींत चिंध्या ठासून भरलेल्या होत्या, अगदी वरच्या बारीक फटीतसुद्धा.

“इकडे कुणी येतं का, नीराबाई? शेजारीपाजारी?”

“मागल्या खोलीत कोण येतंय? आमचं आम्हीच.”

गुणाजी खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसला होता. गळ्यात तुळशीची माळ. उशाशी पाण्याचा तांब्या आणि तांब्याला टेकवून उभा ठेवलेला जुना फोन. फोन गप्प होता.

“माळकरी आहेत,” मृणाली म्हणाली.

“लग्नाच्या आधीपासून. थेंबाला शिवले न्हाईत कधी. आणि कीर्तन लावल्याबिगर झोप न्हाय. आठवडा झाला, कार्ड बिघडलं म्हणतात. दुसरं आणते म्हटलं तर नको म्हणतात. रातभर डोळे उघडे.”

मृणाली खाटेजवळ खाली बसली. “काका, कीर्तन कसं आवडतं तुम्हाला?”

गुणाजी भिंतीलाच म्हणाला, “मोठ्या आवाजाचं. मग लाट ऐकू येत न्हाय.”

नीराबाईच्या चेहऱ्यावर एक आनंद मात्र होता आणि तो तिच्याने लपला नाही. मुलगी ऋतिका पाणी घेऊन आली तेव्हा ती म्हणाली, “हिचं जमतंय बघा. बोर्ली पंचतनचं स्थळ. आधी बापाचं कानावर गेलं आणि नको म्हणाले. आता परवा आपणहून निरोप आला, नारळ घेऊन येतो म्हणून.”

ऋतिका मान खाली घालून आत गेली. गुणाजीचे खांदे जरासे सैल झाले. ते मृणालीने पाहिलं.

संध्याकाळी तिने धर्माजींना त्याच खोलीत बोलावून घेतलं. गुणाजी, नीराबाई, ऋतिका आणि मामा. दुसरं कुणी नको म्हणाली.

“घरातली गोष्ट घरात सांगते,” मृणाली म्हणाली. “बाहेर काय सांगायचं ते काका ठरवतील. मामा, व्हिडिओत काय कापत होतं?”

“काढणाऱ्याचा हात.”

“हात कापला असता तर होडीही कापली असती. होडीचा काठ स्थिर होता, माड तेवढे हलत होते. म्हणजे फोन होडीतच ठेवलेला होता आणि होडीबरोबर डुलत होता. आणि होडीत किती माणसं होती?”

मामा आठवून म्हणाले, “अंबाजी म्हणाला, एकटाच.”

“एकटाच. काका रोज तांब्याला टेकवून फोन उभा करतात. होडीत कशाला तरी टेकवला असेल.”

धर्माजी गुणाजीकडे बघू लागले. गुणाजी भिंतीकडे.

“कार्ड कीर्तनाचं होतं. अंबाजीचं त्याच्या स्पीकरमध्ये वाजतंय. प्रज्योतच्या फोनला कार्ड लागत नाही. आणि ज्याला कीर्तनाशिवाय झोप नाही, त्याचं कार्ड नेमकं आठवड्यापूर्वी बिघडलं, दुसरं आणलेलंही चालेना. का? फोनमधलं कार्ड या पुरचुंडीत आहे. दुसरं घालायला फोन उघडला असता, तर आत कार्डच नाही हे दिसलं असतं.”

“म्हणजे स्वतःच्याच विरुद्ध...” धर्माजी थांबले. “पण बसला होताच ना होडीत? सुकाणू धरून?”

“बांधलेल्या होडीत. इंजिन चालू असतं तर ती गुणगुण आपल्याला ऐकूच आली नसती. पुन्हा ऐका.” तिने आपल्या फोनवर उतरवून घेतलेला व्हिडिओ त्यांना कानाशी धरायला दिला. “गाणं नाही ते. रामकृष्णहरी चाललंय. एका श्वासात, थांबायची हिंमत नाही म्हणून. आणि ते हसू म्हणजे आवळलेले दात आहेत. उतरल्यावर काका ओकले. माळकरी माणूस काही रात्रीच्या दारूने ओकत नाही.”

मृणालीने मागच्या दाराकडे हात केला.

“मामा, तुम्हीच म्हणालात, सोंग लोकांसमोर आणतात. ज्या खोलीत कुणी येत नाही तिथल्या दाराची कडी गंजलीय, फटींत चिंध्या आहेत, आणि रोज ओझं घेऊन वळसा घालणाऱ्या बायकोने एकदाही दार उघडलेलं नाही. आजार खरा आहे. काकांनी सोंग आणलं ते बरं असल्याचं. एकदाच, त्या होडीत.”

“पण कशापायी?” मामांचा आवाज उतरला होता.

उत्तर गुणाजीने दिलं. तो हळूच वळला.

“लबाडाच्या पोरीला घर मिळतं, बाई. वेड्याच्या पोरीला न्हाय मिळत.” मग धर्माजींकडे हात जोडून, “चेअरमन, सभेत मला ढोंगी म्हणा. मदत थांबवा. लोक हसतील नि इसरतील. पोरीचं होऊ द्या.”

“आणि औषधं?” नीराबाईने विचारलं. “रात्री?”

गुणाजीने गळ्यातली माळ मुठीत धरली.

ऋतिका दारात उभी होती. तिने पदर नसतानाही पदर खोचल्यासारखा हात कमरेवर फिरवला आणि बोर्ली पंचतनच्या मुलाला फोन लावला. सगळ्यांसमोर, स्पीकरवर.

“पियूष, आईला सांगा, नारळ आणू नका इतक्यात. त्या व्हिडिओतलं खोटं आहे. माझे बाबा खरंच आजारी आहेत. दोन वर्षं. औषधं चालू आहेत, पुढेही चालू राहतील. हे ऐकून यायचं असेल तर या.”

पलीकडून रस्त्याचा आवाज येत होता.

“आई काय म्हणेल मला नाही माहीत,” पियूष म्हणाला. “मी रविवारी येतो. एकटा. तुझ्या बाबांशी बोलायचंय. चालेल ना त्यांना?”

ऋतिकाने वडिलांकडे पाहिलं. गुणाजीच्या डोळ्यांना धार लागली होती. त्याने मान हलवली.

“चालेल,” ती म्हणाली.

धर्माजी उठले. “मग सभेत मी काय सांगू, गुणाजी?”

गुणाजीने लेकीकडे बोट केलं. “ती सांगंल तसं.”

“खरं तेच सांगा, काका,” ऋतिका म्हणाली.

मृणालीने पुरचुंडी सोडली, कार्ड जुन्या फोनमध्ये बसवलं आणि फोन तांब्याला टेकवला. मृदंगावर थाप पडली, टाळ मिळाले, बुवांनी वरच्या पट्टीत सूर लावला. गुणाजी भिंतीला टेकला. मांडीवर त्याची बोटं ठेका धरू लागली, आणि थोड्या वेळाने डोळे मिटले.

बाहेर अंधारून यायला लागलं होतं. वाळवणातली एक पाटी आणायची राहिली म्हणत नीराबाई निघाली. मामांनी तिला थांबवलं.

“तुम्ही बसा, बाई. कुठली ती सांगा, मी आणतो.”

चपला घालून मामा निघाले. मागच्या दाराकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. घरांच्या अख्ख्या रांगेला वळसा घालून ते गेले, आणि डोक्यावर पाटी घेऊन तसेच लांबून परत आले.