दावाओहून आलेलं पत्र

"अमेरिका आशियाशी मैत्री करते, की फक्त स्वतःची सोय बघते?" सिडनीतल्या वेस्टमीड स्टेशनच्या बाकावर मी एकटीच पुटपुटत होते. अमेरिकेचं आशिया-धोरण हा युनिव्हर्सिटीतला माझा संशोधनाचा विषय, आणि महिन्याभराने कॅनबेराच्या परिषदेत बोलायचं होतं.

"सोय संपली, की ती फोनही उचलत नाही," शेजारून आवाज आला. अस्सल मराठीत.

मी दचकून वळले. गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र, खांद्यावर जॅकरँडाचं एक जांभळं फूल... त्याला पत्ताच नव्हता.

"सॉरी... ऐकायचं नव्हतं. मी बेन्सन. वसईचा."

"कौमुदी. आणि ही काही सरकारी गुपितं नव्हती."

तो हसला. ट्रेन आली, गेली – आम्ही बसूनच.

बेन्सन क्षयरोगाच्या लॅबमध्ये होता. फिलिपिन्समधल्या दावाओच्या एका छोट्या दवाखान्यासोबत त्यांचं काम चालायचं. अमेरिकेने परदेशी मदतीचा हात आखडता घेतला आणि दवाखान्याला कुलूप लागलं. त्याबद्दल बोलताना त्याचा आवाज खाली यायचा. दर गुरुवारी आम्ही कॉफीला भेटू लागलो. तो माझ्याकडे असा बघायचा, की मी साखर दोनदा घालायचे.

परिषदेच्या चार दिवस आधी त्याला भाषण वाचायला दिलं.

"वॉशिंग्टन आहे, बीजिंग आहे, दिल्ली आहे... माणसं कुठायत?"

"हे धोरण आहे बेन्सन, गोष्ट नाही."

"माणसं नसतील तर धोरण कोणासाठी?"

मी रागाने उठून गेले. दोन दिवस त्याचा फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी ईमेल आला – दावाओच्या नर्सने, मारिसेलने, त्याला लिहिलेलं पत्र. खाली त्याची एक ओळ : 'तिची परवानगी आहे. नाही वापरलंस तरी नो वरीज.'

'चौदा पेशंट अजून येतात,' तिने लिहिलं होतं. 'बंद दारापाशी थांबतात. औषधं अर्ध्यावर राहिलीत. मी त्यांना काय सांगू?'

कॅनबेरात मी आलेख बाजूला ठेवले आणि ते पत्र वाचलं.

"ही भावना झाली, धोरण नव्हे," एक निवृत्त अधिकारी म्हणाले.

"अर्धवट उपचारांनी क्षय औषधांना दाद देईनासा होतो," मी म्हणाले. "तो सीमेवर व्हिसा मागत नाही. अमेरिकेची वाट बघत बसायचं, की आपण शेजाऱ्यांनी उभं राहायचं, एवढाच प्रश्न आहे."

सगळं सभागृह टाळ्या वाजवू लागलं. मागच्या रांगेत बेन्सन उभा होता – रजा टाकून, मला न सांगता आलेला.

दोन महिन्यांत, परिषदेला आलेल्या ऑस्ट्रेलिया, जपान आणि कोरियातल्या तीन आरोग्यसंस्थांनी मिळून तो दवाखाना चालवायला घेतला. कुलूप निघालं त्या सकाळी आम्ही दोघंही दावाओत होतो. मारिसेल एकेकाला नावाने आत बोलवत होती. चौदाच्या चौदा आले होते.

"कौमुदी, मला तुला काही..." बेन्सन अडखळला. "पण तुझ्या घरी... मी ख्रिश्चन, तुझी आई..."

"आईला मागच्या रविवारीच सांगितलंय. तुझ्याशीच लग्न करणार म्हणून."

"मला विचारायच्या आधी?"

"हो."

"मग... काय म्हणाल्या?"

"म्हणाली, तो बिचारा हो म्हणाला का, ते आधी बघ."

त्याने सगळ्या रांगेसमोर माझा हात घट्ट धरला. "हो," तो म्हणाला. "हो, हो."