उलट्या कप्प्यातला नामदेव

ही रचलेली गोष्ट नाही. देवापुढच्या दिव्याशी बसून लिहिते आहे. इथं मी खोटं बोलत नाही.

साल १९९६. कार्तिकातला शुक्रवार, दिवेलागणीची वेळ. तंजावूरात मेलवीधीतलं आमचं घर.

माझा धाकटा भाऊ गुरुराज सुट्टीवर आला होता. दूरच्या एका बंदरात लढाऊ जहाजं बांधणाऱ्या कारखान्यात तो सुपरवायझर.

"अक्का, जहाज काय अख्खं बांधतात होय?" माझ्या जेवणाच्या डब्याचे कप्पे त्यानं ओळीनं मांडले. "असे कप्पे वेगवेगळे करायचे. एकेक आपल्या घराएवढा. मग क्रेननं उचलून जोडायचे."

एक कप्पा त्यानं पालथा घातला.

"आणि बांधायचा असा, उलटा. छत खाली, जमीन वर. नाहीतर छताचं वेल्डिंग करताना ठिणग्या तोंडावर पडतात. काम झालं की क्रेन सुलटा करते."

"आत कुणी राहिलं तर?"

"म्हणून आधी हातोडीनं तीन ठोके द्यायचे. आतला माणूस उलट तीन देतो. थांबायचं, ऐकायचं, मग पलटायचं."

तो हसत होता. एकदम त्यानं दाराकडे पाहिलं.

दारात राजम उभी होती. जवळच्या पापनाशम गावची. तिचा एकुलता एक नामदेव वेल्डर. गुरुराजनंच त्याला कामाला नेलं होतं. पावसाळ्यापासून त्याचा पत्ता नव्हता.

"तंबी, भावा, माझं पोर कुठं आहे? एवढंच सांग."

"दुबईला पळाला असेल, राजम्मा. आता सगळेच पळतात. घड्याळ पाठवेल तुला, बघ!"

ती उंबऱ्यावरूनच परत गेली.

गुरुराजनं कॉफी उचलली.

"दुसऱ्या दिवशी नौदलाचे साहेब बघायला येणार होते, अक्का. उशीर झाला होता. मी ठोके दिले... थांबलो नाही."

"मग?"

"क्रेननं उचलल्यावर आतून ठोके आले."

"थांबवलंस ना?"

"पलटला. मग काही वाजलं नाही. आत न बघताच कप्प्याचं झाकण वेल्ड करून टाकलं." तो घोट घेत म्हणाला, "साखर कमी आहे गं."

"अरे, म्हणजे तो अजून..."

ठक्.

ठक्.

ठक्.

वरून.

"माकड असेल," गुरुराज म्हणाला.

पण आवाज गच्चीवरचा नव्हता. खोलीतलाच होता... छताच्या आतल्या बाजूचा.

मी वर पाहिलं. छतावर काळ्या पावलांचे ठसे उमटत होते. एक... मग दुसरा... गुरुराजच्या डोक्यावर येऊन थांबले.

गुरुराज खाली बसला. मुठीनं जमिनीवर ठोके द्यायला लागला. तीन दिले. परत तीन दिले.

"आहे रे! आत माणूस आहे! थांब!"

वरचा थांबला नाही.

पालथा कप्पा हलला नाही. कॉफी सांडली नाही. फक्त दिव्याची ज्योत वाकली... आणि खाली वळली.

आणि माझा भाऊ वर पडला.

हो, वर. दगड विहिरीत पडावा तसा.

डॉक्टर म्हणाले, उंचावरून पडून मान मोडली. आमच्या घरात उंच असं काहीच नाही.

राजमला मी सगळं खरं सांगितलं. ती रडली नाही. तिनं एकच विचारलं, "अजून वाजतं?"

वाजतं. रोज दिवेलागणीला. मी लगेच पळीनं ताम्हणावर तीन ठोके देते. उत्तर वेळेत गेलं की ज्योत सरळ राहते. माझ्या व्रतांत हे एक वाढलं आहे. हे एकच मी भीतीनं करते.

राजम दर शुक्रवारी येते. छताखाली बसून पोराचे ठोके ऐकते, आणि जाते.

मागच्या शुक्रवारी ठोके आले, तेव्हा तिनं माझा हात धरला. पळीसकट.

"सोड, राजम."

"त्यानंही असंच वाजवलं असेल ना, अम्मा? कुणी थांबलं?"

ज्योत वाकायला लागली होती, तेव्हा कुठं तिनं हात सोडला.

आज शुक्रवार. दिवा लावला आहे. आतल्या खोलीत माझी लेक दिव्यश्री अभ्यास करते आहे.

ताम्हण समोर आहे... पळी सापडत नाही.

आणि उंबऱ्याबाहेर राजमच्या चपला दिसताहेत.