लॅबमधली आजी

ताई शिंप्याकडे गेली ती कॉलेजचा पांढरा युनिफॉर्म कमरेत सैल करून घ्यायला. शिंप्याने कापड उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "मुलीचा का?"

"माझाच," ताई म्हणाली. "राहिलेलं शेवटचं वर्ष पूर्ण करतेय."

शिंपी हसला नाही, पण त्याने टेप उगाच फार वेळ नाकासमोर धरून ठेवली. ताईच्या ते लगेच लक्षात आलं. इतकी वर्षं वॉर्डात काढली की संशय घेण्याची सवय अंगात मुरते. पेशंट म्हणतो गोळी घेतली, आणि ती उशीखाली सापडते. नातेवाईक शपथेवर सांगतात की बाहेरचं काही दिलं नाही, आणि त्यांच्या पिशवीला तेलाचे डाग असतात. ताई कुणाच्या शब्दावर जात नसे. स्वतः हात लावून बघायची, मगच मानायची. या स्वभावामुळे तिने दोन-चार जीव वाचवलेही होते, त्यामुळे तो बदलावा असं तिला कधी वाटलं नाही.

लग्न आणि मग मूल, यात तिची नर्सिंगची डिग्री अर्धवट राहिली होती. मदतनीस नर्स म्हणून काम चालू होतं, पण आता हॉस्पिटलने सांगितलं की डिग्री नसेल तर वॉर्डात ठेवणार नाही, स्टोअरमध्ये बसा. कॉलेजनेही जुन्या विद्यार्थ्यांना एकच संधी दिली. या खेपेला प्रॅक्टिकल बुडालं की विषय संपला.

परत कॉलेजात जायचं हे सासूबाईंनीच तिच्या गळी उतरवलं होतं. "तू नाव घाल, घराचं मी बघते," त्या म्हणाल्या होत्या. "आणि एकदा मला तिथे ने गं. कोपऱ्यात गप्प बसेन. तू पेशंटला कुशीवर कशी वळवतेस, ते बघायचंय मला."

ताईने नाव घातलं आणि थोड्याच दिवसांत सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली. उजवी बाजू गेली. डाव्या हाताची मूठ तेवढी उरली. त्या मुठीत त्या चादरीचं टोक पकडून ठेवायच्या. सोडवायचं तर एकेक बोट उलगडावं लागे, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. ताईने कॉलेज सोडायचं ठरवलं, तेव्हा त्या नुसती मान हलवत राहिल्या, नाही, नाही, नाही, आणि डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. ताईचा या बाईवर फार जीव होता. ती कॉलेजला जात राहिली आणि सासूबाईंपाशी नणंद बसू लागली. दर दोन तासांनी कूस बदलायची, एवढं एकच काम चुकवायचं नाही, असं ताईने तिला पुन्हा पुन्हा बजावलं.

कॉलेजची प्रॅक्टिकल लॅब तळघरात होती. तिथे स्पिरिटचा आणि जुन्या रबराचा वास कोंडलेला असे. पलंगांवर सरावासाठी रबराच्या डमी झोपवलेल्या. शेवटच्या पलंगावरची डमी सगळ्यांत जुनी. मानेपाशी तिचं रबर सुरकुतलेलं, आणि काखेपासून कमरेपर्यंत, दोन साचे जोडल्याची बारीक उंच शिवण. वर्गातल्या पोरी तिला आजी म्हणत.

पोरी कॅन्टीनला गेल्या की ताई आजीवर सराव करी. हात लावण्याआधी पेशंटला सांगायचं, तो बेशुद्ध असला तरी सांगायचं, हा नियम ती डमीपाशीही पाळायची. "आजी, आता तुम्हाला डाव्या कुशीवर वळवते हं." आणि निघताना, "मी येते परत. तोवर पडून राहा." दाराआडून खुसखुस ऐकू यायची. वर्गाची मॉनिटर, एक तरतरीत मुलगी, त्यात पुढे असणार याची ताईला खात्री होती.

एक दिवस तिने आजीला भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि हात धुवायला गेली. परतली तेव्हा आजीचं तोंड दाराकडे होतं.

'झाले यांचे खेळ सुरू,' ताई मनाशी म्हणाली आणि मुकाट्याने आजीला परत वळवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग तर रोजच. आजी दाराकडे बघत असायची, ताई आत येई त्या बाजूला. ताईने पोरींना विचारलं नाही. विचारलं की त्यांचं फावणार.

मग एकदा वळवताना आजीच्या माकडहाडावर लाल डाग दिसला. लिपस्टिक, ताईला वाटलं. तिने स्पिरिटचा बोळा घासला. बोळा पांढराच राहिला.

त्या संध्याकाळी तिने घरी सासूबाईंना वळवलं. तोच डाग. तीच जागा.

पण अंथरुणाला खिळलं की माकडहाडावरच तर पहिला डाग पडतो, सगळ्यांनाच पडतो, असं तिने स्वतःला समजावलं आणि मोर्चा नणंदेकडे वळवला. "तू वळवत नाहीस यांना."

"वळवते हो वहिनी. शपथ."

"मग हे काय आहे?"

नणंदेने चादर सारखी केली. "वळवते… पण हल्ली आई हलकी लागते हाताला. म्हणजे… अर्धीच असल्यासारखी."

कामचुकार माणसाला सबबी बऱ्या सुचतात, ताईने ठरवून टाकलं. ती दोन दिवस नणंदेशी बोलली नाही. पण मग सासूबाईंचा डाग फिका पडू लागला, आणि रागावल्याचा उपयोग झाला म्हणून ताई मनातून खूश झाली. लॅबमधली आजी मात्र दिवसेंदिवस वळवायला जड जात होती. आपणच दमलोय, ताईला वाटलं. कामावरून थेट लॅबमध्ये यायचं म्हणजे हात दुखणारच.

परीक्षेच्या सकाळी तिच्या वाट्याला शेवटचा पलंग आला. परीक्षक बाई कडक होत्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. "टाच तपासा. काय बघतो आपण?"

"अंगठ्याने दाबायचं. जागा पांढरी पडते. सोडल्यावर लाली परत आली, म्हणजे रक्त फिरतंय."

"बरोबर. डमीवर काही दिसणार नाही म्हणा. नुसतं करून दाखवा."

ताईने अंगठा दाबला आणि उचलला. टाचेवर पांढरा ठिपका उमटला होता. तो हळूहळू गुलाबी झाला… मग भरून आला. टाच कोमट होती.

ताईने मान वर केली. दारात बाकीच्या पोरी उभ्या होत्या, आणि मॉनिटरने तोंडावर हात दाबून धरला होता. ताईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गरम पाण्याची पिशवी ठेवली होती पांघरुणात, आणि वर कसलासा रंग लावला होता. मी किंचाळावं, नापास व्हावं, आणि यांना वर्षभर हसायला विषय मिळावा. बरं, बघतेच.

"आजी, आता वळवते हं," ती शांतपणे म्हणाली.

वळवताना चादर अडली. आजीच्या डाव्या मुठीत तिचं टोक होतं. ताईचे हात सवयीने पुढे झाले, अंगठा उलगडला, मग एकेक बोट… करंगळीपाशी येऊन हात थबकले. हे हात हे काम कुठे शिकले होते, ते तिला आठवलं.

"काय झालं?" परीक्षक बाईंनी विचारलं.

एवढंच म्हणायचं होतं, की थांबा, इकडे या, हात लावून बघा. सगळा जन्म ती स्वतः तेच करत आली होती. पण दारात पोरी होत्या आणि संधी शेवटची होती.

"काही नाही, मॅडम." तिने करंगळी सोडवली, पांघरूण नीट केलं. "मी येते परत. तोवर पडून राहा."

परीक्षक बाई पहिल्यांदाच हसल्या. "छान. असं सांगून जाणारी नर्स हल्ली दिसत नाही. पास आहात तुम्ही."

बाहेर आल्या आल्या ताईने मॉनिटरला गाठलं. "गरम पाण्याची पिशवी कुणी ठेवली होती?"

"कसली पिशवी, ताई?"

"मग तोंड दाबून हसत का होतीस?"

"हसत नव्हते हो." मुलीचा चेहरा अजून उतरलेलाच होता. "मला मळमळत होतं. आजीचे डोळे… तुम्ही जाल तिकडे वळत होते. आम्ही कुणी हातसुद्धा लावत नाही तिला. तुम्हीच रोज दाराकडे तोंड करून ठेवता ना?"

ताई घरी कशी पोचली ते तिचं तिला कळलं नाही. नणंद दारातच उभी होती, चेहरा फुललेला. "वहिनी, डाग पार गेला बघा. सकाळपासून आई एकदाही कण्हली नाही. काय शांत पडलीय."

सासूबाई उताण्या होत्या, डोळे छताला लागलेले. डावा हात उघडा पडला होता, सगळी बोटं सरळ. खोलीत स्पिरिटचा वास होता. ताईने पांघरूण दूर केलं आणि टाचेवर अंगठा दाबला. उचलला. काहीच पांढरं पडलं नाही, काही लाल झालं नाही. टाच होती तशीच राहिली, गार आणि गुळगुळीत. ताईने त्यांना कुशीवर घेतलं, आणि हाताला वजन म्हणून जाणवलंच नाही. काखेपासून कमरेपर्यंत एक बारीक उंच रेघ गेली होती.

मागे नणंद विचारत होती, "गेला ना हो डाग?"

फोन वाजला. मॉनिटरचा होता. आवाज दबका होता. "ताई, नव्या डमी आल्या. आजीला भंगारात दिलं, गाडी मघाशीच गेली. दोन शिपायांना उचलेना इतकी जड होती… आणि जाताना तिने पुन्हा चादर धरली होती. मूठ सुटेना, म्हणून चादरीसकटच नेली. ताई, तुम्ही कशी सोडवली होती हो तिची बोटं?"