पिवळ्या गाईडचं शुद्धिपत्र

"ते न्हाय घ्यायचं, ताई. तुमच्यासाठी न्हाय ते."

बोलणारा शिडीवर उभा होता. काखेत पुस्तकांचा गठ्ठा, केसांत धूळ. मी खाली, हातात पिवळं गाईड. ओळख ना पाळख, आणि हा मला सांगणार माझ्यासाठी काय आहे नि काय नाही! माझं डोकं तिथंच सटकलं.

"का हो? माझ्यासाठी काय मग, लोणच्याचं पुस्तक हाय व्हय?"

"तसं न्हाय म्हणालो मी..."

"मग कसं म्हणालात?"

तो नुसता डोळ्यांनी काहीतरी करायला लागला. एकदा माझ्याकडं बघायचा, एकदा गल्ल्याकडं, आणि मध्येच एक डोळा बारीक करायचा.

"आणि वर डोळे मारालाय? लाज वाटत न्हाय?"

तो कानापर्यंत लाल झाला. काखेतली चार पुस्तकं धपाधप खाली पडली. गल्ल्यावर जाड चष्मा लावून पेपर वाचणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मान वर केली. "दत्ता, काय झालं रे?"

"काय न्हाय तात्या. गिऱ्हाईक गाईड बघालंय."

गिऱ्हाईक! म्हणजे मी.

ही गोष्ट दोन हजार दोनच्या नोव्हेंबरमधली. राजारामपुरीतल्या आठव्या गल्लीत तेव्हा 'प्रज्ञा बुक डेपो' होतं. एमबीएच्या प्रवेश परीक्षेची गाईडं तिथं टेबलभर मांडलेली असायची. दिल्लीचं एक होतं, उशीला घेता येईल एवढं जाड. पुण्याच्या कुठल्याशा क्लासच्या झेरॉक्स नोट्स होत्या, स्पायरल लावलेल्या. आणि हे पिवळं होतं. प्रश्न इंग्रजीत, पण समजावून सांगितलेलं सगळं मराठीत. मागच्या पानावर लेखकाचा फोटो... जाड चष्म्यासकट. गल्ल्यावरचे तात्याच ते! वाणिज्य शाखेचे निवृत्त प्राध्यापक. दत्तप्रसाद हा त्यांचा पुतण्या.

मला एकच गाईड घ्यायचं होतं आणि ते योग्यच घ्यायचं होतं, कारण परीक्षा मला एकदाच मिळणार होती. आमची मार्केट यार्डात गुळाची अडत. माझा भाऊ बसवेश कॉम्प्युटर शिकून बेंगलोरला गेला तो गेलाच. दुकान पुढं कोण बघणार, यावर घरी रोज चर्चा. मी म्हटलं, मी बसते की गादीवर. वडील, म्हणजे आमचे अप्पा, असे हसले की आईसुद्धा, आमची अव्वा, स्वयंपाकघरातून बाहेर आली. मी दोन दिवस जेवले नाही, तेव्हा अप्पांनी अट घातली. "इथंच युनिव्हर्सिटीत एमबीएला लागून दाखव. परीक्षा एकदाच. लागलीस तर गादीवर बसवतो. न्हाय तर निपाणीच्या पावण्यांना लग्नाचा होकार."

आणि हा शिडीवरचा म्हणतो, तुमच्यासाठी न्हाय!

"हेच घेणार मी," मी मोठ्यानं सांगितलं.

तो झटकन खाली उतरला, टेबलाचा ड्रॉवर उघडला आणि आतून एक पिवळी प्रत काढून माझ्यापुढं धरली. "मग ही घ्या."

इथं मला आमच्या धंद्याची सवय नडली. अप्पा सौद्याला उभे राहिले की समोर मांडलेल्या गुळाच्या रव्याकडं, म्हणजे ढेपेकडं, ढुंकून बघत नाहीत. मागच्या रांगेतला, खालचा रवा ओढायचा, फोडायचा, चाखायचा. विकणारा आपणहून हातात देतो त्यात काहीतरी गोम असते, हे मी चालायला लागायच्या आधीपासून ऐकत आलेय. आणि हा तर ड्रॉवरमधून काढून देत होता! मी टेबलावरच्या ढिगातली खालून दुसरी प्रत खेचली.

"ती नको... हीच घ्या की," तो अगदी काकुळतीला आला.

"हात काढा."

"ऐका तरी, ताई..."

"मी तुमची ताई न्हाय!"

पैसे टाकले, लुनाला किक मारली आणि निघाले. आरशात दिसलं, तो दारात उभा होता, हातात ती ड्रॉवरमधली प्रत तशीच. बघत राहिला होता... बघू दे.

मग तीन आठवडे मी गच्चीवर उन्हात बसून अभ्यास केला. पहिला सराव, पंचवीसातले नऊ बरोबर. दुसरा, आठ. तिसरा, पुन्हा नऊ. लहानपणापासून मी अप्पांच्या हिशोबपट्टीतली बेरीज तोंडी करणारी, आणि मला पंचवीसात नऊ? मी रडले. खोटं कशाला सांगू, चांगली हमसून रडले. त्या शिडीवरच्यानं एका नजरेत ओळखलं होतं माझं पाणी, असं वाटलं, आणि त्याचाच जास्त राग आला. अव्वा डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "निपाणी काय लांब न्हाय गं. बशीनं दीड तास."

बाई गं! समजूत काढायची ही पद्धत?

गाईड मिटणार तेवढ्यात एका प्रश्नावर नजर गेली. तीस किलो मालात दहा टक्के घट आली, तर उरला किती? मी सत्तावीसवर खूण केली होती. उत्तरांच्या यादीत पर्याय 'ड' होता. 'ड' म्हणजे तेहतीस किलो!

घट येऊन वजन वाढलं! असला गूळ आम्हाला मिळाला असता तर आजवर राजवाड्यात राहिलो असतो. मी एकेक उत्तर तपासत गेले. सातव्या प्रश्नाचं उत्तर छापायचंच राहिलं होतं. आठव्याचं सातव्यापुढं, नवव्याचं आठव्यापुढं, अशी सगळी यादी एकेक घर वर सरकली होती. तिन्ही प्रकरणांत तोच गोंधळ. म्हणजे माझे पंचवीसातले तेवीस बरोबर होते, आणि मी तीन आठवडे स्वतःला गाढव समजून रडत होते!

लुना आठव्या गल्लीत कशी पोचली मला आठवत नाही. तात्या दुपारचे घरी गेले होते. दत्तप्रसाद एकटाच होता. मला बघताच त्याचा चेहरा असा उजळला, की मी तयार करून नेलेलं पहिलं वाक्यच विसरले.

"आलात! किती शोधलं तुम्हाला..."

"मला? कशाला?"

त्यानं शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. घड्यांवर विरत आलेला, घामानं मऊ झालेला. वर टाईप केलेलं होतं : शुद्धिपत्र. खाली तिन्ही प्रकरणांची बरोबर उत्तरं.

"टेबलावरच्या प्रती तात्या चाळतात, म्हणून ड्रॉवरातल्या प्रतींत मी हे घालून ठेवतो," तो खाली बघत म्हणाला. "तुम्ही ढिगातली ओढलीत. बिलावर नाव न्हाय, पत्ता न्हाय. निळी लुना एवढंच ठाऊक. तीन आठवडे सगळ्या क्लासांच्या दारात लुना बघत फिरालोय. दोन निळ्या लुना सापडल्या. एक गॅसवाल्याची निघाली... दुसरीच्या मालकिणीनं चप्पल काढली."

मला हसू यायला लागलं. दाबलं. रागानं आलेल्या माणसानं हसायचं नसतं.

"आणि तोंड न्हवतं व्हय त्या दिवशी? 'चूक हाय' एवढं सांगायला काय झालं होतं?"

"तात्या समोर होते. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्या झाल्या त्यांनी हट्टानं स्वतः प्रूफं तपासली. नोकरी संपल्यावर तेवढं एकच काम त्यांनी जीव लावून केलं. आई-वडील गेल्यावर त्यांनीच वाढवलंय मला. 'तुमची चूक झाली' हे मी त्यांना कसं सांगू?"

"म्हणून डोळ्यांनी सांगत होता?"

"तुम्हाला ते... वेगळं वाटलं."

एवढं बोलून त्यानं पहिल्यांदा सरळ माझ्याकडं बघितलं. त्याचे डोळे चांगले होते, हे मी तेव्हाच पाहिलं. पण ते मनात ठेवलं, कारण अजून भांडण संपलं नव्हतं.

"ढिगातल्या एकूण किती गेल्या?"

"चौदा."

"म्हणजे माझ्यासारखे अजून तेराजण कुठंतरी रडत बसलेत! त्यातल्या एखादीचं निपाणी ठरलं असेल, तर?"

"कसलं निपाणी?"

मग मी त्याला सगळं सांगितलं. गादी, अट, पावणं, सगळं. तो ऐकताना एकदाही हसला नाही. नंतर शेजारच्या कोल्ड्रिंक हाउसमधून दोन दूध कोल्ड्रिंक घेऊन आला. आम्ही पुस्तकांच्या गठ्ठ्यांवर बसून ती प्यायलो.

"तात्यांना मी सांगते," मी ग्लास ठेवत म्हटलं.

"नको." त्यानंही ग्लास खाली ठेवला. "मीच सांगतो. उद्या. तुम्ही... येणार?"

"येणार की. तुमचा काय भरवसा, पुन्हा डोळेच मिचकवाल."

दुसऱ्या दिवशी त्यानं सांगितलं. तात्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. यादीवर बोट ठेवून एकेक उत्तर तपासलं. मग जे कडाडले ते आख्ख्या गल्लीनं ऐकलं.

"म्हणजे वर्षभर तू माझ्यापाठीमागं कागद घुसडतोयस? तीस वर्षं पोरांच्या चुका लाल शाईनं दाखवल्या मी! माझी एक चूक दाखवली तर मी मरणार होतो काय? मला काय मातीचा गणपती समजलास?"

दत्तप्रसादच्या डोळ्यांत पाणी आलं. तात्यांच्याही आलं, पण त्यांनी ते ओरडण्यात लपवलं. संध्याकाळी दुकानाबाहेर त्यांनी स्वतः लिहिलेला फळा लागला : 'पिवळे गाईड नेलेल्यांनी शुद्धिपत्र घेऊन जावे. चूक माझी आहे.' रोज एकेक जण येत राहिला. काही भांडायला आले. तात्यांनी त्यांना चहा पाजला, आणि जाताना दोन गणितंही घातली.

मीही रोज दुपारी जायला लागले. सराव तिथंच करायचा, घड्याळ दत्तप्रसाद लावणार.

"दोन मिनिटं राहिली."

"माझ्या तोंडाकडं बघून वेळ सांगू नका. घड्याळाकडं बघा."

"घड्याळ बंद पडलंय."

"मग दोन मिनिटं कशावरून?"

"...अंदाजानं."

पेपराआडून तात्या खाकरायचे आणि आम्ही दोघंही निमूटपणे संख्यामालिकेत डोकं घालायचो.

फेब्रुवारीत परीक्षा झाली. मेमध्ये युनिव्हर्सिटीत यादी लागली आणि तिच्यात माझं नाव होतं... एकतिसावं! अप्पा स्वतः यादी बघून आले. दुसऱ्या दिवशी मला यार्डात घेऊन गेले, गादीवर आपल्या शेजारी बसवलं आणि नवा माल आल्यावर म्हणाले, "बघ गं, कुठला रवा फोडायचा ते." मी मागच्या रांगेतला, खालचा दाखवला. अप्पांनी मिशीतल्या मिशीत हसून हमालाला खूण केली.

तिथून मी सरळ आठव्या गल्लीत गेले. हाताला गुळाचा वास तसाच. दत्तप्रसाद शिडीवर होता. मला बघून उतरला, ड्रॉवर उघडला आणि एक घडी घातलेला कागद माझ्यापुढं धरला.

आमच्या धंद्यात हातात दिलेलं कुणी घेत नाही. मी घेतलं. उघडलं.

*शुद्धिपत्र. चौदा नोव्हेंबर, दुपारी, शिडीवरून : 'ताई' असे तोंडून पडले आहे, ते समूळ वगळावे. त्याच दिवशी : 'तुमच्यासाठी न्हाय' असे पडले आहे. ते पुस्तकापुरतेच समजावे. शिडीवरच्या माणसाबाबत 'तुमच्यासाठीच' असे वाचावे.*

आनंद झाला होता, खूप झाला होता. पण रागही आला. येणारच!

"सहा महिने लागले एवढं लिहायला?"

"टाईपरायटरची रिबन..."

"पुन्हा कागद? तात्यांना तोंडानं सांगता आलं, मग मला सांगायला काय धाड भरली? उद्या माझ्या अप्पांपुढं काय करणार, शुद्धिपत्र वाटणार? तुझी जात वेगळी, आमची वेगळी. तिथं कागद चालणार न्हाय, तोंड लागंल. आत्ता बोल. इथं."

मी 'तू' म्हणाले, हे माझ्या नंतर लक्षात आलं. त्याच्या तेव्हाच आलं होतं.

तो माझ्याकडं बघत राहिला. डोळे मिचकावले नाहीत, मान खाली घातली नाही.

"दानेश्वरी... मला तू आवडतेस. लुना घेऊन निघालीस ना, त्या दिवसापासून. अप्पांना मी सांगीन. तोंडानं."

मी बोलणार तेवढ्यात गल्ल्यावरचा पेपर हलला.

"दत्ता, मोठ्यानं बोल रे," तात्या पेपराआडून ओरडले. "इकडं काही ऐकू येत नाही."

आणि माझा दत्ता आख्ख्या आठव्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं पुन्हा बोलला.